चारशे शहाण्णव दिवस

"ताप आलाय सिस्टर, एक गोळी द्या. लगेच निघतो," श्यामकांत दारातूनच म्हणाला.

"आधी डावा हातमोजा काढा."

"त्याला काय झालंय? बिल्कुल ठीक आहे."

"जूनच्या उकाड्यात हातमोजा घालून चहा पिताना पाहिलंय मी तुम्हाला. काढा."

काढला. मधल्या बोटाला चिंधी, चिंधीखाली हळद, हळदीखाली ग्रीस. बोटाचं टोक काळं पडलं होतं. प्रेस मशीनवर पत्रा लागला होता सोमवारी, आणि आज शुक्रवार.

नोएडातल्या या पत्र्याच्या डब्यांच्या कारखान्यात एकोणीस वर्षं मी प्रथमोपचाराची खोली सांभाळते. श्यामकांत माझ्याही आधीपासूनचा, साताऱ्याकडचा, म्हणून माझ्याशी मराठीत बोलतो. गेटवर एक बोर्ड आहे: अपघाताविना दिवस. पाचशे भरले की प्रत्येकाला प्रेशर कुकर, असं साहेबांनी जाहीर केलं आणि त्या दिवसापासून आमच्याकडे कुणाला काही लागेनासंच झालं. कॅन्टीनच्या डाळीतली हळद कमी झाली, तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

"जखम नळाखाली धरा, साबणानं धुवा, स्वच्छ पट्टी बांधा आणि माझ्याकडे या. एवढंच सांगते ना मी? पालथ्या घड्यावर पाणी."

"चारच दिवस राहिलेत हो. माझ्या एका बोटापायी सगळ्यांचा कुकर जायचा. लोक काय म्हणतील?"

"तुमच्या घरी कुकर नाही?"

"आहेत ना," तो खाली बघत म्हणाला. "दोन."

मला इतका संताप आला की डोळ्यांत पाणीच आलं. त्याला गाडीत घालून इस्पितळात पाठवलं. तेवढ्यात ऑफिसातून फोन. "प्रभाजी, ये चोट तो घर पे लगी होगी न?"

"जी नहीं, प्रेस पे लगी है," म्हटलं आणि रजिस्टरमध्ये तसंच लिहिलं. मग गेटवर गेले, स्टुलावर चढले, चार, नऊ, सहा असे तिन्ही आकडे उतरवले आणि शून्य टांगलं. चहाला जमलेली माणसं बघत होती. स्टूल धरायला कुणी पुढे आलं नाही.

महिनाभर मला कुणी नमस्ते केलं नाही. पण दुसऱ्याच दिवशी अकरा जण खोलीबाहेर रांगेत उभे होते. कुणाची भाजलेली कोपरं, कुणाचा चेपलेला अंगठा. कुकर गेलाच होता, आता लपवायचं कशाला? अकराही जणांना मी यथेच्छ झापलं.

श्यामकांतचं बोट मात्र वाचलं नाही. विष हाडापर्यंत गेलं होतं.

अडीच महिन्यांनी तो कामावर आला. बोर्डावर तेव्हा नऊच दिवस होते; आता लागलेलं लोक सांगत होते. आधी माझ्या खोलीत आला आणि नवा हातमोजा टेबलावर ठेवला. मधलं रिकामं बोट आत दुमडून त्यानं शिवून टाकलं होतं.

"प्रेसमध्ये अडकायला नको," तो म्हणाला. "घरी म्हणत होते, राहू दे शिवायचं. म्हटलं, सिस्टर ओरडतील."

मी हातमोजा उलटसुलट करून पाहिला. टाके बारीक होते, एकसारखे, कुठे धागा लोंबत नव्हता. ओरडायला मला काहीच सापडलं नाही.