दोन पावलं मागे

"प्रचारातलं सगळ्यात अवघड दार कुठलं हो?" आठवणी टिपायला अ‍ॅडलेडहून आलेल्या मुलीने विचारलं. माजी मंत्री नोरीनबाईंना एकच दार आठवलं.

दारं ठोठावायला त्यांना गोदीकामगार क्लॅरी मडजने शिकवलं होतं. "ठोठाव आणि दोन पावलं मागे सर, पोरी. दार तोंडावर आपटायचं तर माणसाला जागा नको?"

पुढे मजूर पक्षाला एकाएकी शिकलेले चेहरे हवेसे झाले. क्लॅरीचं तिकीट कापून नोरीनबाईंना दिलं आणि त्यांनी ते मुकाट्याने घेतलं. दुसऱ्या दिवशी त्या त्याच्या घरी गेल्या. दार ठोठावून सवयीने दोन पावलं मागे सरल्या.

क्लॅरीने त्यांच्या पायांकडे पाहिलं.

"शिकवलेलं विसरली नाहीस हं," म्हणाला, आणि दार हळूच लावून घेतलं.

आपटलं असतं तर परवडलं असतं.