धाकटीची शिडी, थोरलीचं दार

मित्रांनो, मी एक जुनी शिडी आहे. माळ्यावरचे डबे काढायला भिंतीला टेकवतात ती नव्हे हं. मला चार चाकं आहेत, दोन्ही बाजूंना कठडे आहेत आणि माझी शेवटची पायरी थेट विमानाच्या दारात उघडते. आमचं विमानतळ इवलंसं. एक धावपट्टी, पत्र्याची एक शेड, एक खोली माणसांची आणि एक सामानाची. मोठ्या विमानतळांवर म्हणे माणसं एका बंद बोगद्यातून चालत जातात आणि आत जाऊन बसतात. आपण कशात बसलो ते त्यांना बाहेरून दिसतसुद्धा नाही. मला त्यांची कीव येते.

माझ्याकडे येणारा माणूस उघड्यावरून चालत येतो. पंखाखाली आला की मान वर करतो आणि गप्प होतो. शेडमध्ये जागेवरून भांडणारे, फोनवर खेकसणारे, सगळ्यांचा आवाज तिथे आपोआप खाली येतो. मग माझ्या पायऱ्या चढून दारापाशी आले की बहुतेक जण विमानाच्या अंगावर हळूच तळवा टेकवतात. हे त्यांना कोणी शिकवलेलं नाही. पोरं टेकवतात, म्हाताऱ्या टेकवतात आणि बडे व्यापारीही टेकवतात, फक्त ते आधी इकडेतिकडे बघून घेतात. इतकी वर्षं झाली, तरी तो तळवा टेकताना पाहिला की मला अजून भरून येतं.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यातला. मला घडवणारा कारागीर मोठा विचारी होता. माझा वरचा भाग त्याने खालच्या भागात सरकवून बसवला होता आणि बाजूला एक हातपंप जोडला होता. पंपाचा दांडा मारत राहिलं की वरचा भाग वर सरकतो आणि मी उंच होते. पण मला विकत घेणाऱ्या कंपनीला त्याची कधी गरजच पडली नाही.

ती कंपनी स्वस्तातली. एका बड्या विमान कंपनीने साध्यासुध्या माणसांसाठी तिला जन्म दिला होता. आम्ही आईला थोरली म्हणायचो आणि लेकीला धाकटी. धाकटीची सगळी विमानं एकाच उंचीची, बुटकी, नारंगी शेपटीची. पहिल्या दिवशी मी जेवढी उंच होते, तीच माझी उंची ठरली. मला ओढणारा ट्रॅक्टर आक्का चालवायच्या. पंपाचा दांडा रिकामाच पाहून त्या त्याला जेवणाच्या डब्याची पिशवी अडकवू लागल्या. दर वर्षी रंगारी येई आणि मला नारंगी रंग फासून जाई. वरचा भाग खालच्यात शिरतो त्या जोडावरूनही फासून जाई. रंगावर रंग चढत गेला आणि मला जोड आहे हे सगळे विसरले. खोटं कशाला बोलू, हळूहळू मीही विसरले.

धाकटीला लोकांनी नावं ठेवायची बाकी ठेवली नव्हती. बसलं की गुडघे हनुवटीला लागतात, पाण्याचेही पैसे मोजावे लागतात, एक ना दोन. पण सुटी लागली की तीच माणसं पुन्हा माझ्यासमोर रांगेत हजर.

त्या रांगेत दर महिन्याला एक शिंपीबाबा यायचे, सुनेचा हात धरून. त्यांच्या डोळ्यांच्या पडद्याला आजार जडला होता. सरळ रेघ त्यांना वाकडी दिसायची. कापडाचा काठ पाण्यात हलल्यासारखा वाटायचा. शहरातल्या दवाखान्यात दर महिन्याला डोळ्यात इंजेक्शन घ्यावं लागे. ते वेळेवर मिळालं तर नजर टिकेल, चुकलं तर गेलेली नजर परत यायची नाही, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं. रस्ता डोंगरातला, दरड कोसळली की आठवडा आठवडा बंद. तेव्हा बाबांचे डोळे आमच्या विमानावर अवलंबून होते, असं म्हटलं तरी चालेल.

आणि एक दिवस बातमी आली की धाकटी थोरलीत विलीन होणार. नाव जाणार, नारंगी शेपटी जाणार.

शेवटच्या नारंगी विमानाच्या वेळी रांगेत जो तो त्यावरच बोलत होता. जन्मभर शिव्या घालणारे शेपटीसमोर उभे राहून फोटो काढत होते. "काही म्हणा, होती मात्र वेळेची पक्की," असं ज्यांनी सर्वांत जास्त तक्रारी केल्या तेच म्हणत होते. मेल्या म्हशीला मणभर दूध, दुसरं काय.

"आता पाणी तरी फुकट मिळेल," एक व्यापारी म्हणाला.

"पाणी देतील हो, पण विमान देतील का, ते विचारा," मागच्या शिक्षिकाबाई म्हणाल्या.

शिंपीबाबा कठडा धरून उभे होते. सून त्यांना समजावत होती, "बाबा, कशाला घोर लावून घेता? लेक आईच्याच घरी चाललीय ना?"

"तेच तर, सूनबाई. आईच्या घरी गेलं की लेकराचे हट्ट आधी बंद होतात. आपल्या या टीचभर गावात विमान उतरवणं हा धाकटीचा हट्टच होता."

 सुनेने त्यांचा हात जरा घट्ट धरला.

पुढच्या महिन्यात थोरलीचं पहिलं विमान यायचं ठरलं. आदल्या दिवशी रंगारी आला आणि त्याने मला गडद निळा रंग दिला, अर्थात जोडावरूनही.

मित्रांनो, ते विमान उतरताना मी पाहिलं आणि बघतच राहिले. धाकटीच्या विमानांना मी थोर समजत होते. हे तर आख्खं आभाळ अडवून उभं राहिलं. त्याची सावली आमच्या शेडवरून पुढे गेली. खिडक्यांच्या रांगा, शेपटीचा तो कडा, इंजिनांची ती दोन प्रचंड तोंडं. खोलीतली माणसं काचेला नाकं लावून उभी राहिली. 

आक्कांनी मला दारापाशी नेलं, आणि मग सगळ्यांच्या लक्षात आलं. विमानाचं दार माझ्या शेवटच्या पायरीपेक्षा चांगलं कमरेएवढं वर होतं.

दार उघडलं. थोरलीचे एक साहेब इथला थांबा पाहायलाच आले होते. ते दारात उभे राहिले, खाली वाकून बघू लागले. त्यांच्या मागे प्रवासी बॅगा घेऊन उभे. साहेब शांतपणे म्हणाले, "इथून कोणाला उडी मारायला सांगता येणार नाही. शिडी पोहोचत नसेल तर विमान परत न्यावं लागेल. मग पुढचंही पाठवणं कठीण आहे."

शेडमध्ये हे शब्द पोचायला वेळ लागला नाही. शिंपीबाबांच्या इंजेक्शनची तारीख दुसऱ्याच दिवशीची होती आणि रस्ता दरडीने बंद होता. सून रडवेली झाली. 

आक्का भयंकर चिडल्या. विमानावर चिडून उपयोग नव्हता, म्हणून माझ्यावर चिडल्या. "एवढी वर्षं ओढलं तुला, आणि ऐन वेळी बुटकी ठरलीस," असं म्हणत त्यांनी दांड्याची पिशवी हिसकली. पिशवीचा बंद अडकला होता. पिशवीबरोबर दांडा खाली आला आणि माझ्या पोटात कट्ट असं वाजलं. ताज्या निळ्या रंगावर केसाएवढी भेग उमटली. भेगेत नारंगी रंग दिसत होता.

आक्का वाकून बघत राहिल्या. मग सावकाश म्हणाल्या, "अगं बाई, ही तर आतून वेगळी आहे."

मग काय विचारता. आक्कांनी स्क्रू ड्रायव्हर आणला, हमालांनी पत्र्याचे तुकडे आणले. शिक्षिकाबाई स्टीलची पट्टी घेऊन धावल्या आणि व्यापारी चक्क गुडघ्यावर बसून किल्लीने खरवडू लागला. निळा पोपडा निघाला, मग नारंगी, त्याखाली पुन्हा नारंगी. शिंपीबाबांना भेग दिसत नव्हती, पण ते तिच्यावरून बोट फिरवत होते. "इथे सुटलंय. इथे अजून धरून बसलंय बघा." आक्कांनी ट्रॅक्टरच्या डब्यातलं तेल जोडात आणि पंपात ओतलं. हमाल आळीपाळीने दांडा मारू लागले.

आधी नुसतंच मी कण्हले. मग बोटभर हलले. आणि मग, मित्रांनो, मी वर निघाले. शेडचं छप्पर माझ्या खाली गेलं. कुंपणाच्या भिंतीपलीकडे काय आहे ते मला आयुष्यात पहिल्यांदा दिसलं. तिकडे नदी होती. इतकी वर्षं ती तिथेच वाहत होती आणि मला पत्ता नव्हता. सर्वांत मोठं नवल तर माझंच मला वाटत होतं, की ही उंची बाहेरून कोणी आणून जोडली नव्हती, ती माझ्या पोटातच होती.

माझी शेवटची पायरी दाराला लागली.  सगळे माना वर करून उभे होते.

"पोराचं झबलं शिवताना आम्ही शिवणीच्या आत जास्तीचं कापड दुमडून ठेवतो," बाबा सुनेला म्हणाले. "माया म्हणतो आम्ही तिला. पोर वाढलं की उसवून मोठं करता येतं. हिला घडवणाऱ्यानेही ठेवली होती बघ."

साहेबांनी स्वतः उतरून माझा कठडा हलवून पाहिला, पायरी पायरीवर जोर देऊन पाहिला. मग फोन लावला आणि एवढंच म्हणाले, "शिडी पोहोचते. थांबा चालू ठेवा."

विमानातले प्रवासी उतरले आणि आमचे चढले. शिंपीबाबा सर्वांत शेवटी, एकेक पायरी चाचपत आले. दारात थांबून त्यांनी विमानाच्या अंगावर तळवा टेकवला आणि बराच वेळ तो काढला नाही. आतून कोणी घाई केली नाही.

मित्रांनो, माझं एक मागणं आहे. तुमच्या घरातली, शाळेतली, कारखान्यातली जुनी वस्तू रंगवण्याआधी तिच्यावरून एकदा बोट फिरवा. जोड सापडला तर त्यात रंग भरू नका, तेल सोडा. ती वस्तू काय काय करू शकते हे तिला स्वतःला सांगता येत नाही. ते तुम्हीच शोधायचं असतं.

माझ्या पंपावर आता जाड कापडाची खोळ असते, आत धूळ जाऊ नये म्हणून. परवाच आक्कांनी ती नवीन चढवली. शिंपीबाबांनी स्वतः यंत्रावर बसून शिवली आहे. मी तिच्या चारही बाजू नीट पाहिल्या. टाके सरळ आहेत, एकूण एक.