तळघरातली कॅमेलिया

कोतोरच्या खाडीकाठी त्या काळी प्रत्येक खलाशाच्या अंगणात एक तरी कॅमेलियाचं झाड असे. फिलोमेनाच्या अंगणातलं झाड तिच्या सासऱ्यांनी जपानहून जहाजावर आणलं होतं. आपल्या वाटणीचं गोडं पाणी त्यांनी झाडाला पाजलं, असं सासूबाई सांगत, आणि दर वेळी सांगताना ते पाणी थोडं वाढे.

घरातली मुलगी लग्न होऊन निघाली की या झाडाचं एक रुजलेलं कलम सोबत नेई. फिलोमेनाची नात पेरिना ईस्टरनंतर ओपातियाला सासरी जायची होती. पण आदल्या उन्हाळ्यात रस्ता रुंद करताना झाडाची मुळं तुटली आणि ते उभ्या उभ्या वाळलं. जीव होता तोवर फिलोमेनाने फाटे छाटून कुंड्यांत लावले. त्यांतले पाच रुजले. झाड म्हणून आता तेवढंच उरलं होतं.

जानेवारीत दक्षिणेचा दमट, उबदार वारा सुटला. लोक कोट खांद्यावर टाकून चर्चला जाऊ लागले. फिलोमेनाने कुंड्यांवर घातलेलं पोतं काढलं, वरून भरपूर पाणी घातलं. काड्यांना पोपटी कोंब फुटले. ती हरखून गेली.

भिंतीपलीकडे धाकटी जाऊ लूत्से राहायची. वाटणीत अंगण आणि झाड फिलोमेनाकडे आलं, तळघर लूत्सेकडे गेलं, तेव्हापासून दोघींचं बोलणं भिंतीवरूनच, आणि तेही टोमण्यांपुरतं.

"ताई, पोतं काढलंत होय? संत त्रिपुनाचा सण अजून व्हायचाय. त्याआधी थंडी हटते कुठे?"

"तुला काय कळतं गं झाडातलं?"

"मला कुठून कळणार! झाड तुमच्या वाट्याला गेलं ना."

सणाच्या आधीच डोंगरावरून बोरा उतरला. हा कोरडा, बोचरा वारा सुरू झाला की कौलं उडतात आणि खाडीचं पाणी धुरासारखं उधळतं. फिलोमेनाने धावत जाऊन कुंड्या उचलल्या आणि गारठलेल्या लेकरांना शेकायला बसवावं तशा स्वयंपाकघरात चुलीशेजारी मांडल्या. आठवडा गेला नाही तोच पानं गळू लागली. दोन काड्या काळ्या पडल्या.

पेरिनाने ते पाहिलं. "असू दे गं आजी. मी बाजारातून घेईन एखादं झाड."

ती प्रेमानेच म्हणाली. पण फिलोमेनाला त्या दिवशी जेवण गेलं नाही. दुपारी तिने उरलेल्या तीन कुंड्या टोपलीत ठेवल्या, वरून शाल घातली आणि भिंतीला वळसा घालून लूत्सेचं दार वाजवलं.

लूत्सेने शाल उचलून पाहिलं. "चुलीपाशी ठेवली होतीत?"

"थंडी किती होती!"

"अहो, ही काय मांजरं आहेत? निजलेल्याला उठवलंत, जेवू घातलंत आणि वर शेकत बसवलंत. थंडी चालते यांना. वारा नाही चालत, आणि ऊब तर मुळीच नाही."

"मग तुझ्या तळघरात..." फिलोमेनाचं वाक्य पुढे सरकेना. वाटणीच्या दिवशी चारचौघांत तिने या तळघराला उंदरांचं बीळ म्हटलं होतं.

"बोला ना. उंदरांच्या बिळात ठेवायचीत?"

"हो."

"नीट सांगा."

"ठेव गं बाई तुझ्या तळघरात माझी कलमं! झालं समाधान?"

लूत्से खुदकन हसली. "झालं. पण जगली तर एक माझं."

"आणि एकच जगलं तर?"

"तर पेरिनाचं. मी काय राक्षसीण आहे?"

तळघराच्या भिंती हातभर जाड दगडाच्या. उत्तरेला एक लहान खिडकी, खाली दारूची रिकामी पिंपं. बाहेर कधी बोरा सुटे, कधी चार दिवस वसंत आल्यासारखं वाटे, पण आत सारखाच गारवा. लूत्सेने कोवळे कोंब खुडून टाकले तेव्हा फिलोमेनाने डोळे मिटून घेतले. माती कोरडी लागली तरच लूत्से घोटभर पाणी घाली. एकदा फिलोमेना तांब्या घेऊन आली.

"आता बुडवून मारायचीत का?" लूत्सेने तांब्या काढून घेतला आणि तिच्या हातात सुकी अंजिरं ठेवली. "बसा इथे. यांच्याकडे नुसतं बघायचं."

मग फिलोमेना रोज बघायला येऊ लागली. बघता बघता कॉफी होई, राकियाचा, त्या घरगुती कडक दारूचा, घोट होई, सासूबाईंची नक्कल होई.

मार्च सरताना कुंड्या बाहेर आल्या. एक काडी गेली होती. उरलेल्या दोन काड्यांवर मात्र पानांच्या बेचक्यात टणक, हिरवे डोळे आले होते. लग्नाच्या दिवशी पेरिनाने त्यांतलं एक कलम मांडीवर घेतलं आणि बोटीत बसली. नवऱ्याने हात पुढे केला तरी तिने ते त्याच्याकडे दिलं नाही.

दुसरं फिलोमेनाने स्वतः लूत्सेच्या अंगणात नेलं.

"ताई, तुमच्याकडे काय राहिलं मग?"

"याचेच फाटे छाटीन की उन्हाळ्यात."

"याचे? अजून धड पानं नाहीत त्याला. दोन वर्षं तरी थांबावं लागेल."

"थांबते," फिलोमेना म्हणाली आणि लूत्सेच्या पायरीवर ऐसपैस बसली. "कॉफी टाक."