सायलेन्सरचा तिसरा ताव

सोपानमामांनी त्यांची मोटरसायकल मला एकाच अटीवर दिली होती : गंज दिसला की किल्ली परत. गाडी गेली तर मला खुटबावहून डेमू लोकलनं दौंड, तिथून वडापच्या जीपनं कुरकुंभ, आणि कंपनीच्या गेटवर रोज अर्धा तास उशीर. असे चार उशीर झाले की कंपनी कायमचं घरी पाठवते.

गाडी मी गोठ्यात लावायचो. शेजारी कपिला. ती वर्षभर, रोज, बरोबर सायलेन्सरवर मुतली. गायीला इतका नेम असतो हे मला माहीत नव्हतं.

शुक्रवारी मामांचा फोन आला. "सत्या, रविवारी येतो. गाडी बगाया."

शनिवारी दौंडहून हीटप्रूफ काळा स्प्रे आणला. सायलेन्सर खोलला, गंज घासला, थिनरनं पुसला, रंग मारला. मग डबा वाचला. आमच्याकडे डबा नंतर वाचायची पद्धत आहे. लिहिलं होतं : दोनशे डिग्रीला अर्धा तास तापवा, थंड करा, असं तीनदा. नाहीतर रंग टिकणार नाही.

खुटबावात एवढं तापणाऱ्या दोनच गोष्टी : गुऱ्हाळ आणि माझे वडील. वडील शिरूरला लग्नाला गेले होते.

गुऱ्हाळावर गेणबाआप्पा काहिलीतला उसाचा रस हलवत होते.

"आप्पा, चुलाणाच्या कट्ट्यावर हे ठेवू का? दोनशे डिग्री पायजे."

आप्पांनी कट्ट्याला बोट लावलं, झटकन काढलं. "दोनशे धा हाय. चालंल?"

दोन ताव झकास झाले. तिसऱ्याला मी म्हणालो, "आप्पा, परत एकदा मोजा की." आप्पा बोट लावायला वळले आणि मागं काहील उतू गेली. सगळा फेस सायलेन्सरवर.

"आरं, गूळ गेला की माझा!"

"गेला कुठं आप्पा, हा काय."

फेस काचेसारखा घट्ट बसला होता. घासावा तर रंग निघणार. तसाच गाडीला लावला. रविवारी सकाळी गोठ्यात मुंग्यांची रांग होती आणि कपिला सायलेन्सर चाटत होती. तेवढ्यात मामा आले.

मामांनी गावच्या गुऱ्हाळावर वीस वर्षं गूळ काढलेला. खाली बसले, नखानं खरवडलं, जिभेवर ठेवलं.

"कुणी काढला?"

"गेणबाआप्पांनी."

"पाक कच्चा हाय. किल्ली आण."

दिली. मामा गाडी घेऊन गेले. मी मोबाईलवर डेमूचं टाइमटेबल काढलं.

पाऊण तासानं जळक्या गुळाचा वास आधी आला, मागून मामा. सायलेन्सर तापून पाक करपला आणि खपल्या होऊन पडला होता. खाली रंग काळाकुळकुळीत, तिसरा ताव खाऊन पक्का. गंजाचा ठिपका नाही.

"यवतपातूर गेल्तो. दोघांनी थांबवून इचारलं, गूळ कसा किलो?" मामांनी किल्ली माझ्या हातात टाकली. "गाडी चांगली ठिवलीस. गेणबाला सांग, पाक चुलाणावर सोडून आमाला रस्त्यावर शिजवाया लावतोस व्हय, म्हनावं."

आता गाडी मी अंगणात लावतो. कपिलानं माझ्याशी बोलणं सोडलंय.