नावेच्या पोटातली शेगडी

खाली नावेच्या पोटात शा मिस्त्री खोकत होते आणि वर त्यांचा मुलगा लिएनशेंग बर्फ फोडत होता. रोजचंच होतं ते. उजाडलं की लाकडी मोगरी घ्यायची आणि नावेभोवती हातभर पाणी मोकळं करायचं. नाहीतर बर्फ नावेला आवळत जातो, फळ्यांच्या सांध्यांतला ताग ओढून काढतो. घाई असली तरी लोखंडी पहारेला हात लावायचा नाही. हे त्याला बापानंच शिकवलं होतं, तेही एकदा कानाखाली वाजवून.

वेइशान सरोवर गोठलं की बांधाच्या आडोशाला नावा एकमेकींना बांधून उभ्या राहायच्या. घरं म्हणजे नावाच. शेजारच्या नावेतून चू काकी ओरडली, "ए लिएनशेंग, माझ्या बाजूचा पण फोड की! का बायकोची परवानगी लागते?"

"काकांना हात नाहीत का?"

"आहेत ना. रजईत आहेत."

तो हसला नाही. खालचा खोकला थांबला होता, आणि थांबला की त्याला जास्त भीती वाटायची.

सगळं उन्हाळ्यातच बिघडलं होतं. दरवर्षी ऐन कडक उन्हात नाव काठावर ओढायची, सांधे कोरायचे, ताग आणि चुना-तेलाचा लगदा ठोकून भरायचा, वरून पाणी आत मुरू न देणारं तुंगाचं तेल चोपडायचं. हे काम शा मिस्त्रींचंच. चाळीस वर्षं त्यांनी सगळ्या सरोवरातल्या नावांचे सांधे भरले. फळीवर टिचकी मारून आवाजावरून सांगायचे, कुठे सुकली, कुठे कुजली. या वर्षी नेमक्या त्याच दिवसांत त्यांना रक्ताची उलटी झाली. नाव पाण्यातच राहिली. पुढच्या वर्षी बघू, म्हणाले.

आता डॉक्टर म्हणाला होता, ऊब द्या, नाहीतर म्हातारा नवं वर्ष बघत नाही.

ऊब कुठून द्यायची? शेगडी पुढच्या डेकवर, चटईच्या छपराखाली. पोटात आग न्यायची नाही, हा नियम. आतून सुकली की फळी आक्रसते, सांधा उघडतो. हा नियम मिस्त्रींनी गावभर ओरडून सांगितलेला. आणि आता तेच आत पडले होते. त्यांच्या श्वासाची वाफ रजईच्या काठावर गोठून पांढरी होत होती.

बांधावरच्या बोरूच्या काड्यांच्या झोपडीत जाळ करता आला असता; लिएनशेंगनं तिथे राहायचं विचारून पाहिलं.

"जमिनीवर?" म्हातारा म्हणाला. "मला काय उंदीर समजलास?"

त्या दुपारी लिएनशेंगची बायको त्साइफंग शेगडी उचलून खाली घेऊन निघाली. लिएनशेंग जिन्यात आडवा आला.

"नाव जाईल," तो म्हणाला.

"मग नाव सांभाळत बस. बाप मेला की तिच्यात एकटाच राहा. मी नाही राहणार."

तो बाजूला झाला.

तीन दिवसांत म्हातारा उठून बसला. राळ्याची पेज प्यायला, वर मीठ कमी आहे म्हणून सुनेला बोल लावले. त्साइफंग डेकवर येऊन तोंड दाबून रडली. लिएनशेंगनं इतके दिवस विसरलेली दाढी केली.

आठव्या दिवशी म्हातारा म्हणाला, "फळीवर टिचकी मार. माझ्या बोटांत आता जोर नाही. मला ऐकू दे."

लिएनशेंगला माहीत होतं. सकाळीच त्यानं वरच्या फळीवर वाजवून पाहिलं होतं. आवाज टणक आला होता, रिकाम्या गाडग्यासारखा; फळी सुकली होती. म्हणून आता तो गुडघ्यावर बसला आणि खाली, अगदी तळाजवळ, जिथे फळी कायम ओली असते तिथे वाजवलं. थप. थप.

म्हातारा डोळे मिटून ऐकत होता.

"ओली आहे," तो म्हणाला.

"हो बाबा."

"मग राहू दे शेगडी."

दिवसभर दोघं नवराबायको बर्फावर बोरू कापायचे आणि भारे डेकवर रचायचे. चटया विणायला वर्षभराचा माल. नाव बर्फानं घट्ट धरलेली, त्यामुळे भार चढला तरी ती खाली जात नव्हती. लिएनशेंग सकाळी बर्फ फोडायचा तोही आता कमी कमी. खरं सांगायचं तर मुद्दाम. बर्फानं धरून ठेवलंय तोवर वरची फळी पाण्याबाहेर आहे, असा हिशेब त्यानं मनात केला होता. बापानं नसता केला.

मग दक्षिणेचा ऊबदार वारा सुटला. दुपारी जेवणाच्या वेळी बर्फ कडाडला आणि नाव वीतभर खाली बसली. एकदम. त्साइफंगच्या हातातला वाडगा पडला.

पाणी धार लागून नाही आलं. पाण्याखाली गेलेल्या वरच्या सुक्या फळीच्या अख्ख्या सांध्यातून आलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत, सारखंच. लिएनशेंगनं चिंध्या कोंबल्या, पिठाचा गोळा कोंबला, शेवटी रजई. चू काका आणि दोघं-तिघं बादल्या घेऊन धावले. कोणीतरी बोरूचे भारे ढकलायला लागलं, पण ते एकमेकांत गोठून बसले होते. शेगडी विझल्याचा फस्स आवाज झाला आणि पोट वाफेनं भरलं. त्या वाफेतून त्यानं म्हाताऱ्याला पाठीवर घेतलं.

नाव उथळ पाण्यात तळाला टेकली. कठडा तेवढा वर राहिला.

चू काकीच्या नावेत म्हाताऱ्याला कोरडे कपडे घातले. तो थरथरत होता. काकी नवऱ्यावर ओरडली, "बघत काय बसलात? आपली शेगडी आणा खाली!"

"नको," म्हातारा म्हणाला.

काकी कपडे पिळायला वर गेली. लिएनशेंग बापाच्या पायाशी बसला. त्याला वाटलं, आता सांगावं.

"बाबा, मी त्या दिवशी खाली वाजवलं. वरच्या फळीवर नाही."

"माहीत आहे."

"काय?"

"चाळीस वर्षं हेच केलं लेका. बोट कुठे पडलं ते मला कळत नाही?" त्याला खोकला आला, बराच वेळ आला. "मला ऊब सोडवत नव्हती. आठ दिवस मस्त झोप लागली. म्हटलं, अजून एक दिवस. मग अजून एक."

लिएनशेंगला राग यायला हवा होता. त्याला फक्त स्वतःचे ओले पाय जाणवत होते.

"मला त्या झोपडीत ने," म्हातारा म्हणाला. "इथे राहिलो तर ही बाई शेगडी आणल्याशिवाय राहणार नाही. आणि मी परत नको म्हणणार नाही."

बर्फ ठिसूळ होत चालला होता. चू काकानं त्यावर फळ्या टाकल्या. लिएनशेंग बापाला पाठीवर घेऊन निघाला. पुढे त्साइफंग काठीनं बर्फ चाचपत होती. म्हाताऱ्याचं वजन बोरूच्या भाऱ्याहून कमी भरत होतं. आपली नाव जिथे बुडाली होती तिकडे म्हाताऱ्यानं मान वळवली नाही.

झोपडीत जमीन कडक होती. त्साइफंगनं बोरू पसरला, काकीनं दिलेली रजई घातली आणि मधोमध मोठा जाळ केला. छत काळं होईपर्यंत.

"अजून घालू?" तिनं विचारलं.

म्हातारा ज्वाळांकडे बघत पडला होता. त्याचे हात रजईच्या आतच होते.

"घाल," तो म्हणाला.