अल्पेशचं लॉगिन

मस्कतच्या एका कंपनीत सुजित सिस्टिम ॲडमिन होता. नोकरी अल्पेशनेच लावून दिलेली. अल्पेश उल्हासनगर कॅम्प दोनचा, सुजित अंबरनाथजवळच्या पालेगावचा. डिप्लोमापासूनची दोस्ती, तिकडे खोलीही एकच.

एका रविवारी, म्हणजे तिकडे कामाच्याच दिवशी, सकाळी साडेनऊला एचआरची मेल आली. एकतीस नावं. दहा वाजता या सगळ्यांची लॉगिन बंद करायची, तोवर कुणाशी बोलायचं नाही. खालून चौथं नाव अल्पेशचं होतं.

सुजितने यादी दोनदा वाचली. दहाला तो एकेक नाव बंद करत गेला. अल्पेशच्या नावावरही हात थांबला नाही.

जरा वेळाने फोन वाजला.

"अरे सुजित, माझं लॉगिन होत नाहीये. पासवर्ड रीसेट मार ना."

"बघतो."

"जल्दी कर यार, साडेदहाला मीटिंग आहे."

"हो."

त्या मीटिंगमध्येच अल्पेशला काढल्याचं सांगितलं. संध्याकाळी तो खोलीवर बॅग भरत होता. दोघं जेवले. पहाटे अल्पेश विमानतळावर गेला.

सहा महिन्यांनी सुजित सुट्टीवर घरी आला. आई म्हणाली, "अल्पेशला भेट आधी. मावशी मावशी करत दर पंधरा दिवसांनी येतो बिचारा. माझ्या डोळ्याच्या ऑपरेशनला तोच होता."

ऑपरेशनचं सुजितला कुणी कळवलंच नव्हतं.

तो कॅम्प दोनला गेला. अल्पेश भावाच्या पडद्यांच्या दुकानात कापड मोजत होता. गिऱ्हाईक जाईपर्यंत सुजित उभा राहिला.

"मी फोन केला तेव्हा तुला माहीत होतं ना?" अल्पेशने विचारलं.

"हो. साडेनऊपासून."

"मीटिंगला जाऊ नको, एवढं तरी बोलायचंस. सगळ्यांसमोर लॅपटॉप उघडून बसलो होतो मी. म्हटलं, सुजित करतोय चालू."

सुजितने माफी मागितली. आपल्या तोंडून कुणी दुसराच बोलतोय असं त्याला वाटलं.

अल्पेशने कापडाची घडी घातली. "मावशीकडे मी जात राहीन. तिचा काय दोष? तू दुकानात येऊ नकोस परत."

"बरं," सुजित म्हणाला आणि रिक्षा शोधायला बाहेर पडला.

घरी आईने विचारलं, "भेटला?"

"भेटला."

"बरा आहे ना?"

"बरा आहे," म्हणत तो हातपाय धुवायला मोरीत गेला.