मऊ केलेली गाडी

सुज्ञ वाचकहो, एक अतिवेगवान मोटारगाडी, तिच्या चार स्प्रिंगा आणि एका नवरा-बायकोचा संसार यांचा वृत्तांत येथे यथामती सांगण्याचे योजिले आहे. वेगाचे वर्णन वाचण्याच्या आशेने जे आले असतील त्यांची आरंभीच क्षमा मागतो. कारण या कथेतील गाडी बहुतेक वेळ हळूच चालते.

ट्रकचे पाटे बसवणारा एक कारागीर होता. पाटे म्हणजे चाकावरच्या त्या पोलादी पट्ट्या, ज्या रस्त्याचे धक्के स्वतः खातात आणि मालाला लागू देत नाहीत. तीस वर्षे हेच काम केल्यामुळे सर्व जण त्यास पाटेवाले म्हणत. उभा जन्म त्याने दुसऱ्यांच्या गाड्या मऊ केल्या, आणि साठीच्या उंबरठ्यावर स्वतःकरिता घेतली ती अशी, की जीत मऊपणा औषधालाही सापडू नये. एका शल्यविशारदाने चार वर्षे वापरून विकायला काढलेली, ओल्या पाटीच्या रंगाची, दोनच आसनांची, आणि इतकी बुटकी की मांजरालासुद्धा तिच्याखाली वाकून जावे लागे.

गाडी दारात आली त्या दिवशीच बायकोने अट घातली.

"सहा महिने बघायचं. मला नकोशी झाली, तर सांगेन त्या दिवशी विकायची. मागं-पुढं बघायचं नाही."

"कबूल," पाटेवाले म्हणाले. दोन आसनांपैकी एक रिकामे ठेवून हिंडण्यात त्यांनाही गोडी नव्हती.

पहिला महिना बघ्यांनी खाल्ला. शेजारीपाजारी येऊन दारे उघडून बघत, इंजिनाचा आवाज ऐकवा म्हणत. मेहुणा तर गाडीला दोन प्रदक्षिणा घालून म्हणाला, "भावजी, या गाडीत बसता, की गाडी अंगात घालता?"

"तुला बसायला जागा नाही म्हणून जळतोस," बहिणीने त्याला परस्पर उत्तर दिले.

पुढे नव्याचे नऊ दिवस सरले, बघे पांगले, आणि गाडीसोबत नांदणे तेवढे उरले. सामानाच्या कप्प्यात एक कोबी व एक पिशवी बटाटे ठेवले की कप्पा भरला. फाटकापुढील गटार ओलांडण्यास रोज दोन फळ्या टाकाव्या लागत. गतिरोधक दिसला की गाडी तिरपी घालावी, श्वास रोखावा आणि खालून खर्रकन आवाज न आल्यास देवाचे आभार मानावेत, असा परिपाठ पडला. उतरताना बायको आधी दोन्ही पाय बाहेर काढी, मग पाटेवाले तिचे हात धरून, विहिरीतून घागर ओढावी तसे, एक-दोन-तीन म्हणून तिला वर काढीत.

आणि प्रत्येक धक्क्यास हा संवाद ठरलेला.

"लागलं का?"

"लागलं."

"फार?"

"फार नाही. पुढं बघा."

पाचवा महिना सरता सरता एके दुपारी बायको पाठीला मलम चोळीत फोनवर बोलत होती. "अगं, कंबरेचा पार खुळखुळा झालाय बघ माझ्या," असे ती आपल्या बहिणीस म्हणाली, ते पाटेवाल्यांनी ओसरीतून ऐकले. सहा महिन्यांस आता एकच महिना उरला होता.

दुसरा एखादा मनुष्य असता तर त्याने उशी आणली असती. परंतु ज्याच्या हाती हातोडा, त्याला सगळीकडे खिळाच दिसतो. पाटेवाल्यांनी बारीक पोलादी सळई आणली, तापवून तिचे वेढे घातले, स्वतःच्या हाताने पाणी दिले आणि चार मऊ स्प्रिंगा तयार केल्या.

कारखान्यातील म्हातारे मिस्त्री बघत होते. ते म्हणाले, "घोड्याला म्हशीची चाल शिकवताय."

"बसणारी माझी बायको आहे, मिस्त्री. तुमची नाही."

"माझी असती तर मी आधी तिला विचारलं असतं," मिस्त्री म्हणाले आणि त्यांनी जुन्या स्प्रिंगा तेल लावून, गोणपाटात गुंडाळून फडताळावर ठेवल्या. पाटेवाल्यांच्या उस्तादाने घालून दिलेला तो नियमच होता: नवा माल बसवल्यावर जुना आठ दिवस फेकायचा नाही, गिऱ्हाईक काय म्हणते ते बघायचे, मगच भंगारात.

मऊ केलेली गाडी पाळण्यासारखी चालू लागली. वळणावर कलंडे, ब्रेक दाबला की नमस्कार करी. पण गतिरोधक आला कधी आणि गेला कधी याचा पत्ता लागत नसे. पाटेवाल्यांची छाती फुगली. बायको मात्र खिडकीबाहेर बघत राहिली.

तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "तुम्ही जा. माझं शिवण राहिलंय." चौथ्या दिवशी तिला डाळी निवडायच्या होत्या. पाचव्या व सहाव्या दिवशी तिने कारणही दिले नाही. सातव्या दिवशी चहाचा कप पुढे ठेवीत ती शांतपणे म्हणाली, "ती गाडी विकून टाका."

शब्द दिलेला होता. तरीही त्यांच्याने राहवले नाही.

"अगं, तुझ्यासाठी तर मऊ केली."

"कुणी सांगितलं होतं?"

"कंबरेचा खुळखुळा झाला, असं म्हणालीस ना फोनवर."

"बहिणीजवळ माणूस कौतुकानं बोलतं. तुम्हाला काय कळणार." तिने आपला कप फिरवून फिरवून ठेवला. "सत्तावीस वर्षं स्कूटरवर मागं बसले. तेव्हा खड्डे कमी होते का? एकदा तरी विचारलंत, लागलं का म्हणून?"

"मागं होतीस. दिसत नव्हतीस."

"तेच म्हणते मी. या गाडीत शेजारी बसले. प्रत्येक धक्क्याला तुम्ही माझ्या तोंडाकडं बघायचात. या आठवड्यात एकदा तरी विचारलंत?"

"आता लागतच नाही, तर काय विचारू?"

"म्हणून म्हणते, विका. नुसतं मऊ बसायचं तर घरात गादी आहे."

पाटेवाल्यांनी चहा तसाच ठेवला. ज्या मनुष्याने हयातभर मालाला धक्का लागू नये एवढीच काळजी वाहिली, त्याला आपण आजवर बायकोलाही मालच धरून चाललो होतो, हे त्या क्षणी उमगले. ते तिच्याकडे बघत राहिले, आणि एवढा वेळ बघत राहिले की तिनेच म्हटले, "पिऊन घ्या. गार होतोय."

"उद्याचा दिवस दे," ते म्हणाले. "मग तू म्हणशील तसं."

आठव्या दिवशी सकाळी ते धावतच कारखान्यात शिरले. दारात भंगारवाल्याची हातगाडी उभी होती आणि फडताळ रिकामे होते.

"मिस्त्री, जुन्या स्प्रिंगा?"

मिस्त्रींनी बसल्या जागेवरून बूड थोडे उचलले. खाली गोणपाट होते. "भंगारवाला एक दिवस आधीच टपकला. म्हटलं, आठवा दिवस मावळेपर्यंत उठायचंच नाही. चहा काय तो इथंच आणून द्या."

पाटेवाल्यांनी त्यांना वाकून नमस्कार केला. मनोमन त्या दिवंगत उस्तादालाही केला, ज्याचा नियम पोलादापुरता आहे असे ते आजवर समजत आले होते.

संध्याकाळी बायको गाडीत बसली. बसताक्षणीच तिने आसनावर जरा हलून बघितले. पावाच्या भट्टीपाशी गतिरोधक आला. गाडी तिरपी घातली, तरी दोघांचेही दात वाजले.

"लागलं का?"

"लागलं."

"फार?"

तिने उत्तर द्यायला मुद्दाम वेळ लावला. "बरंच," ती म्हणाली.

पुढचा रस्ता सरळ आणि मोकळा होता. गाडीच्या अंगी तर वाऱ्यालाही मागे टाकण्याचे सामर्थ्य होते. पाटेवाल्यांनी ती आणखी हळू केली. मागून मेहुणा सायकलवरून आला, आत डोकावला आणि पुढे निघून गेला. सहा महिन्यांची मुदत पुढे कधी उलटली, ते त्या घरात कोणाच्याही ध्यानात आले नाही.

येथवर ज्या वाचकांनी सोबत केली त्यांचे ऋण मोठे आहे. चुकले-माकले ते माझ्या अपुऱ्या शिक्षणाचे समजावे, आणि आपण वेळ दिलात याबद्दल अंतःकरणपूर्वक आभार स्वीकारावेत.

आपला नम्र,
अण्णा रंगारी, नंबरपाट्या रंगवणारा